चाचण्या वाढवल्या म्हणून कोरोना वाढला?

‘चाचण्या केल्या म्हणून आकडे फुगले, नाहीतर गावात काहीच नव्हतं,’ असं रत्नागिरी-सिंधुदुर्गात अजूनही ऐकू येतं. हे साफ चूक आहे. नुसता बाधितांचा आकडा बघून भागत नाही. शंभर चाचण्यांमागे किती बाधित निघाले, ते बघावं लागतं. संसर्ग तेवढाच असताना चाचण्या वाढल्या, तर हे प्रमाण सहसा उतरतं, कारण लक्षणं नसलेलेही तपासले जातात. चाचण्या वाढूनही ते चढत असेल, तर साथ खरंच पसरतेय. जून २०२१मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर याच दरावर आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटांवर ठरवले होते. आणि गणपतीला आलेला चाकरमानी वेळीच तपासून पडवीत वेगळा राहिला, तर माजघरातल्या आजीचा धोका कमी होतो. ते चाचणीशिवाय कळणार कसं?