कोल्हापूर परिसरातील वनस्पतिसंशोधन

कोल्हापूर परिसरातील वनस्पतिसंशोधन : कोल्हापूर जिल्हा आणि त्याला लागून असलेला सह्याद्रीचा घाटमाथा यांतील वनस्पतींचा संग्रह, वर्णन, नामकरण व संवर्धन यांचा इतिहास. जिल्ह्याच्या पश्चिमेस गगनबावड्याला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेस शिरोळला तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. एका दिवसाच्या एसटी प्रवासात सदाहरित रानापासून बाभळी-बोरीच्या माळापर्यंत सगळे दिसते, ते या उतरत्या पावसामुळे. मात्र येथील वनस्पती बराच काळ बेळगाव, कोकण, दख्खन अशा परक्या स्थलनामांखाली नोंदल्या गेल्या. कोल्हापूर हे नाव वनस्पतिग्रंथाच्या मुखपृष्ठावर आले ते २००२ मध्ये.

नगराच्या जुन्या नावातच वनस्पती आहे, असे एक मत आहे. संस्कृतात करवीर म्हणजे कण्हेर. मराठी शब्द याच शब्दापासून प्राकृतातून आला. अमरकोशात करवीराला ‘हयमारक’, म्हणजे घोड्याला मारणारा, असा पर्याय दिला आहे. पानांतील हृदयावर परिणाम करणाऱ्या विषामुळे तो सार्थ ठरतो. कण्हेरीला जनावरे तोंड लावत नाहीत, हे कुंपणाला कण्हेर लावणाऱ्या शेतकऱ्याला कोशाशिवाय ठाऊक असते. दुसरी परंपरा माहात्म्यग्रंथांची : प्रलयात देवीने हे क्षेत्र हाताने उचलून धरले म्हणून ते करवीर. वनस्पतिवाचक व्युत्पत्ती आकर्षक असली तरी शब्दसाम्याखेरीज तिच्या बाजूने फारसे काही दाखवता येत नाही. ती संभाव्य म्हणून नोंदवावी, त्याहून अधिक नाही. मंदिरांपुढे व बंगल्यांच्या आवारात दिसणारी पिवळी कण्हेर मूळची अमेरिकेतील असून ती युरोपीयांच्या आगमनानंतर येथे आली. ती जुन्या ग्रंथांतील करवीर नव्हे, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

आधुनिक अर्थाने संग्रह सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, कंपनी सरकारच्या डॉक्टर, मुलकी व वनखात्यातील अधिकाऱ्यांकडून. मुंबई परिसरातील वनस्पतींची जॉन ग्रॅहम यांची सूची १८३९ मध्ये निघाली. अलेक्झांडर गिब्सन हे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. त्यांनी व निकोल अलेक्झांडर डॅलझेल यांनी मिळून १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ हा वनस्पतिवर्णनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बेळगावात शल्यचिकित्सक असलेल्या रिची यांचे संग्रह आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. त्यांच्या नोंदींत बेळगावहून सावंतवाडीकडे उतरणारा रामघाट वारंवार येतो.

येथे एक प्रशासकीय बाब ध्यानात घ्यावी लागते. आजचा चंदगड तालुका इंग्रजी अमलाच्या अखेरीस कोल्हापूर संस्थानात नव्हता. तो बेळगाव जिल्ह्याचा भाग होता आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत कोल्हापूर जिल्ह्यात आला. रामघाटाचा माथा त्याच बाजूस येतो. त्यामुळे ‘बेळगाव’ किंवा ‘दक्षिण मराठा मुलूख’ असे लिहिलेले जुने नमुने सरसकट कर्नाटकात टाकणे चूक ठरते, तसेच ते सगळे कोल्हापूरचे समजणेही चूक. घाटाचे किंवा गावाचे नाव असेल तिथेच निर्णय करता येतो.

याहून बिकट प्रश्न एका छापील चिठ्ठीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जोसेफ डाल्टन हूकर व टॉमस टॉमसन यांनी भारतातून गोळा झालेले हजारो नमुने लंडनजवळील क्यू येथील वनस्पती उद्यानातून युरोपातील संग्रहालयांना वाटले. पश्चिम भारतातील नमुन्यांवर ‘मलबार, कोंकण इत्यादी, संग्राहक : स्टॉक्स, लॉ इत्यादी’ अशा मजकुराची एकच चिठ्ठी चिकटवलेली आढळते. जॉन एलर्टन स्टॉक्स यांची ओळख मुख्यतः सिंधमधील कामासाठी. ते १८५४ मध्ये तरुणपणीच वारले. जे. एस. लॉ हे मुलकी अधिकारी. दोघांचे आणि ‘इत्यादी’ या शब्दात दडलेल्या इतरांचे नमुने या एका चिठ्ठीखाली एकत्र आले. परिणामी एखादी वनस्पती मूळ कोणी, कोठे तोडली हे चिठ्ठीवरून सांगता येत नाही. ‘मलबार’ हा शब्द तेव्हा केरळपुरता मर्यादित नव्हता, संपूर्ण पश्चिम किनाऱ्यालाही तो लावला जाई; ‘कोंकण’मध्ये घाटमाथाही येई.

एखाद्या जातीचे मूळ वर्णन अशा नमुन्यावर आधारलेले असेल तर प्रमाण नमुना, म्हणजे जातीचे नाव ज्याला कायमचे जोडले जाते तो नमुना, ठरवताना पंचाईत होते. चिठ्ठीतील क्रमानुसार पहिला संग्राहक, म्हणजे स्टॉक्स, गृहीत धरण्याची सोय काही ठिकाणी केलेली दिसते. दुसरी पद्धत अधिक कष्टाची आहे : त्याच जातीचे हस्ताक्षरातील नोंद असलेले अन्य नमुने शोधायचे, संग्राहकाचा प्रवास तपासायचा, आणि मगच एका पत्रकाची (वाळवलेला नमुना चिकटवलेल्या कागदाची) प्रमाण म्हणून निवड करायची. दुसरी पद्धत श्रेयस्कर होय, कारण पहिल्या पद्धतीत सिंधमध्ये रमलेल्या माणसाच्या नावावर घाटातल्या वनस्पती जमा होत राहतात. वरवर पाहता हा कारकुनी वाद वाटेल. पण एखादी वनस्पती दुर्मीळ ठरवायची तर ती आधी कोठे होती हे ठाऊक असावे लागते.

थिओडोर कुक हे मूळचे अभियंता व पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य. मुंबई इलाख्याची त्यांची वनस्पतिसंपदा (फ्लोरा) १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाली आणि आजही तिच्याशिवाय काम सुरू होत नाही. प्रत्येक जातीखाली कोकण, दख्खन, दक्षिण मराठा मुलूख, कानडा, गुजरात, सिंध असे विभाग करून त्यांनी स्थळे दिली. संस्थानी मुलखातली स्थळे त्यात विरळ आहेत. इंग्रज अधिकारी जिथे नेमणुकीवर होते तिथली झाडे अधिक नोंदली गेली, हे सगळ्याच इलाख्याला लागू पडते. याच काळात पुण्यात काम करणाऱ्या रघुनाथ भिडे यांच्या नावावरून गवतांची ‘भिडिया’ ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) ओळखली जाते. मराठी नाव लॅटिन होऊन प्रजातीला मिळाल्याचे हे जुने उदाहरण होय.

संस्थानकाळात वनस्पतींकडे पाहण्याची दृष्टी प्रामुख्याने लागवडीची व शिकारीची होती. शाहू छत्रपतींच्या काळात पन्हाळ्याच्या उतारांवर चहा-कॉफीचे प्रयोग झाले. दाजीपूरचे रान शिकारीसाठी राखीव होते. ते १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले आणि पुढे राधानगरी अभयारण्य म्हणून विस्तारले. राजाच्या शिकारीने रान वाचले हा विरोधाभास सह्याद्रीत इतरत्रही आढळतो.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि संशोधनाचे केंद्र प्रथमच जिल्ह्यात आले. तत्पूर्वी १९५५ मध्ये भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात सुरू झाले होते. त्यातील अभ्यासकांनी घाटमाथ्याचा बराच भाग पायाखाली घातला. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील श्रीरंग यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याचे तालुकावार सर्वेक्षण केले. त्यावर आधारित यादव आणि सरदेसाई यांची ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ विद्यापीठाने २००२ मध्ये प्रकाशित केली. सापकांद्याच्या प्रजातीतील सह्याद्रीवासी जात (ॲरिसीमा सह्याद्रिकम) यादव, पाटील आणि बाचूळकर यांनी १९९३ मध्ये वर्णिली. सापकांद्यांत लहान रोप नर-फुले देते आणि कंद पोसला की तेच मादी-फुले देते. त्यामुळे एकाच हंगामात संग्रह करणारा फसू शकतो.

कोल्हापूरचे नाव वनस्पतिशास्त्रात सर्वाधिक जोडले गेले ते कंदीलपुष्पाशी (सेरोपेजिया, स्थानिक नावे खरचुडी, खरतुडी). या प्रजातीचे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये दिले, तेही झाड न पाहता. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन रीड याने केरळातील इट्टी अच्युतन या वैद्याच्या व इतरांच्या साहाय्याने सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला बारा खंडांत निघाला होता. त्यातील एका वेलीचे चित्र लिनीअसपुढे होते. उभ्या फुलांचा झुबका पाहून त्याला मेणबत्त्यांचे झुंबर आठवले असावे. प्रजातीच्या नावात ग्रीक ‘मेण’ व ‘झरा’ हे शब्द आहेत आणि त्या जातीला त्याने कँडेलाब्रम म्हटले. मराठी ‘कंदीलपुष्प’ हे नाव त्या कल्पनेच्या फार दूर नाही.

फुलाची रचना हा खरा कौतुकाचा विषय. खाली फुगीर तळ, वर अरुंद नळी आणि पाकळ्यांची टोके वर जुळून झालेला पिंजरा. वासाने ओढलेली बारीक माशी नळीत उतरते. आतले केस खालच्या दिशेने रोखलेले असल्याने तिला परत फिरता येत नाही. तळाशी धडपडताना परागपुंज तिच्या तोंडाला चिकटतो. कालांतराने केस सुकतात आणि माशी सुटून दुसऱ्या फुलात अडकायला जाते. माशीला यातून काही मिळत असेलच असे नाही. माणसाला मात्र कंद मिळतो : गुराखी पोरे तो उकरून कच्चाच खातात. पिंजरा कितीही चतुर असला तरी कंद गेला की वेल संपते. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात या प्रजातीच्या दुर्मीळ जाती जतन केल्या आहेत. त्या वाढवून पुन्हा निसर्गात लावण्याचे कामही येथून झाले आहे. एम. वाय. अन्सारी यांनी १९८४ मध्ये भारतातील सेरोपेजियांचा समग्र आढावा घेतला. त्यानंतरही भर पडत राहिली. मालवण परिसरातील सेरोपेजिया मोहनरामी ही जात यादव, गावडे आणि सरदेसाई यांनी २००६ मध्ये वर्णिली. २०१७ मध्ये ब्रॅकिस्टेल्मा व निवडुंगासारख्या दिसणाऱ्या अनेक प्रजाती सेरोपेजियातच विलीन कराव्यात असा प्रस्ताव आला. जनुकीय पुरावा त्याला अनुकूल आहे. पण रानात वनस्पती ओळखणाऱ्याला त्याने काही मदत होत नाही, म्हणून या नोंदीत जुना मर्यादित अर्थ ठेवला आहे.

कोकणातील जांभ्या सड्यावर पावसाळी डबक्यात उगवणारी, काही सेंटिमीटर उंचीची ट्रिथुरिया कोंकणेन्सिस १९९४ मध्ये यादव व जनार्दनम यांनी वर्णिली. तिचे कुल तोवर फक्त ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधून ज्ञात होते आणि गवतांच्या जवळचे मानले जाई. २००७ मध्ये जनुकीय अभ्यासाने ते कुमुदांच्या गटाशेजारी, म्हणजे सपुष्प वनस्पतींच्या अगदी प्राचीन फांदीवर बसवले.

पन्हाळ्याजवळचे मसाई पठार ही जिल्ह्यातील अशा जांभ्या पठारांपैकी सर्वांस परिचित जागा. जूनपर्यंत काळा-तांबडा कातळ, पुढे चार महिने गेंद, सीतेची आसवे, तेरडा, सोनकी. सीतेच्या आसवांच्या बुडाशी सूक्ष्म जीव पकडणाऱ्या पिशव्या असतात. कातळावरच्या मूठभर मातीत नत्र मिळत नाही, ते असे भागवले जाते. शेवाळी, नेचे व बुरशी यांवरील काम सपुष्प वनस्पतींच्या मानाने तुरळक आहे. आजच्या संग्राहकाच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, उंची, अक्षांश-रेखांश आणि तारीख असते. ‘इत्यादी’ हा शब्द नसतो.