मदतीचा ट्रक म्हणजे शांतिसेना नव्हे

ठाण्यातल्या नौपाड्यात मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. दर बॅचच्या सराव परीक्षेत एक चुकीचं वाक्य हमखास येतं: 'यादवी युद्धात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना जाऊन पीडितांना अन्न व औषधे पुरवते.' परवाच्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त पेपरांत तेच होतं. समासात दोन ओळी लिहून भागत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

शांतिसेना तुम्हाला ठाऊक आहे. निळी शिरस्त्राणं, 'यूएन' लिहिलेल्या पांढऱ्या गाड्या, सुरक्षा परिषदेचा ठराव, निरनिराळ्या देशांनी दिलेले जवान. कांगोत १९६१ साली कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया याच कामगिरीवर असताना धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं, हेही पाठ असतं. एकच दुरुस्ती करते, कारण ही चूक मला अजिबात सहन होत नाही. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत असलेली आयपीकेएफ, म्हणजे 'इंडियन पीस कीपिंग फोर्स', संयुक्त राष्ट्रांची नव्हती. राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्यात झालेल्या करारानुसार गेलेलं ते भारताचं सैन्य होतं. सुमारे बाराशे जवान तिथे कामी आले. निदान ते कुणाच्या हुकमावरून गेले होते, एवढं तरी नीट लिहा.

मदतकार्य करणारे वेगळे: आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती, जागतिक अन्न कार्यक्रम, युनिसेफ, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स. शांतिसेनेचा खर्च सदस्य देशांवर वाटून दिलेला असतो, अन्न कार्यक्रम ऐच्छिक देणग्यांवर चालतो. हे फरक पाठांतराचे आहेत, त्यात कुणी अडखळत नाही.

अडखळतात ते मदत न्यायच्या परवानगीपाशी. गेल्या महिन्यात कळव्याहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, रेड क्रॉसवाले बंडखोरांच्या कमांडरला भेटतात. मग ती बंडखोरांना मान्यताच झाली ना?" प्रश्न अगदी वर्मावरचा होता.

तिला म्हटलं, समज, कळव्याचा पूल उद्या एका टोळीच्या ताब्यात गेला आणि पलीकडे माणसं उपाशी आहेत. पोळीभाजीची पाकिटं घेऊन निघालेला टेम्पो कुणाला विचारणार? महापालिका कायद्याने कुणाची, हा प्रश्न पुलावर उपयोगाचा नाही. ज्याच्या हातात नाका, त्यालाच विचारावं लागतं. आणि विचारलं म्हणून पूल त्याच्या नावावर होत नाही. जिनिव्हा करारांनी १९४९ सालीच हे लिहून ठेवलंय. चारही करारांत समान असलेलं कलम ३ देशांतर्गत युद्धाला लागू होतं. रेड क्रॉस समितीसारखी निःपक्षपाती संस्था लढणाऱ्या पक्षांना आपली सेवा देऊ करू शकते, असं ते सांगतं. 'पक्षांना' म्हणजे सरकारला आणि बंडखोरांनाही. याच कलमाचं शेवटचं वाक्य मुलं वाचतच नाहीत: या तरतुदी लागू झाल्या म्हणून कुठल्याही पक्षाचा कायदेशीर दर्जा बदलत नाही.

शांतिसेनेचं तसं नसतं. ती सहसा राजकीय तडजोडीच्या पाठीवर येते. सुदानचं उत्तर-दक्षिण युद्ध पाहा. ते १९८३ ला पेटलं. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी राजधानी खार्टुमचं सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर, म्हणजे एसपीएलए, या दोघांशी बोलून 'ऑपरेशन लाइफलाइन सुदान' सुरू केलं. केनियातल्या लोकिचोकियोहून धान्याची विमानं उडू लागली. शांतिसेना आली २००५ साली, शांतता करार झाल्यावर. युद्ध तेच, पण मधली सोळा वर्षं तिथे मदत होती आणि ते युद्ध थांबवायला शांतिसेना नव्हती. माझ्या मते हे एक उदाहरण नीट कळलं तर बाकी नोट्स नाही वाचल्या तरी चालतील.

आणि परवानगी एकदा मिळाली की कायमची, असंही नसतं. १९९८ च्या सुरुवातीला खार्टुमने दक्षिणेतल्या बहर अल गझल भागातली मदतीची उड्डाणं बंद केली. तिथे आधीच दुष्काळ होता. विमानं जमिनीवर, धान्य गोदामात, आणि माणसं खंगत गेली. शांतिसेनेला अडवलं तर सुरक्षा परिषदेत वाद होतो. धान्याच्या विमानाला अडवलं तर पोरं मरतात. म्हणून रेड क्रॉसवाले कोण चूक, कोण बरोबर हे जाहीरपणे बोलत नाहीत. लोक त्याला भित्रेपणा म्हणतात, ते मला पटत नाही.

मदतीसोबत शस्त्र आलं की काय होतं, हे आपल्या शेजारीच घडलंय. ३ जून १९८७ ला भारतातून श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफन्यासाठी मदत घेऊन निघालेल्या नावा श्रीलंकेच्या नौदलाने परत पाठवल्या. दुसऱ्या दिवशी आपल्या पाच एएन-३२ विमानांनी जाफन्यावर मदत टाकली, मिराज २००० लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात. मोहिमेचं नाव 'पूमालै', तमिळमध्ये फुलांचा हार. पोत्यांत अन्नच होतं, पण कोलंबोने त्यात इशारा वाचला, आणि तो होताच. दोन महिन्यांच्या आत तो राजीव-जयवर्धने करार झाला. हे मदतकार्य म्हणून लिहू नका, परराष्ट्र धोरण म्हणून लिहा.

शस्त्र आणि मदत एकाच वाटेने गेली की काय होतं, त्याचं दुसरं उदाहरण नायजेरियातलं. तिथून फुटून निघालेल्या बायफ्राच्या युद्धात उलीच्या धावपट्टीवर रात्रीच्या अंधारात मदतीची विमानंही उतरत आणि शस्त्रांचीही. जून १९६९ मध्ये रेड क्रॉसचं मदतविमान पाडलं गेलं.

शांतिसेना आणि मदत संस्था एकाच आवारात दिसतात तेव्हा गोंधळ होतो, हे मान्य. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात यादवी भडकली आणि शांतिसेनेने तळांची फाटकं उघडली, हजारो लोक आत आले. त्याच महिन्याच्या १९ तारखेला अकोबोच्या तळावर हल्ला झाला, आश्रयाला आलेल्यांना वाचवताना आपले दोन जवान मारले गेले. फाटकावर बंदूक घेऊन उभा तो शांतिसैनिक, आत धान्य मोजून देणारी ती मदत संस्था. पेपरात दोन वेगळी वाक्यं करा.

रेड क्रॉसच्या ट्रकाचं चिलखत म्हणजे पांढऱ्यावरचा लाल क्रॉस, दुसरं काही नाही. लांबून दुर्बिणीत तो दिसावा आणि बोट चापावरून निघावं, एवढ्यासाठी तो आहे. आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते चिन्ह कुणाला वापरता येत नाही. तरी ठाण्यात रुग्णवाहिकांवर, औषधांच्या दुकानांवर, डॉक्टरांच्या गाड्यांच्या काचांवर ते सर्रास दिसतं. आमच्या क्लासखालच्या दवाखान्याच्या पाटीवरही आहे. डॉक्टरांना मी कायद्याची प्रत नेऊन दाखवली. त्यांनी ती उभ्या उभ्या पूर्ण वाचली आणि पाटी रंगवणाऱ्याला तिथूनच फोन लावला.