जुना मोबाइल आणि कर्करोगाशी झुंजणारं कुटुंब: एका उपक्रमाची पार्श्वभूमी

२००० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या ग्रंथालयांत, शाळांच्या कार्यालयांत, चर्चमध्ये, बँकेच्या काउंटरवर पुठ्ठ्याचं एक खोकं ठेवलेलं असे. वर फट आणि बाजूला सूचना: जुना मोबाइल यात टाका, त्यातून मिळणारे पैसे गरजूंना जातील. गरजू कोण, ते खोकं ठेवणाऱ्या संस्थेवर अवलंबून असे. कर्करोगाच्या रुग्णांच्या घरच्यांना हात देणाऱ्या लहान स्थानिक संस्थांनीही हा मार्ग धरला. हॉस्पिटलपर्यंतचं पेट्रोल, पार्किंगचे पैसे, एखाद्या रात्रीचं हॉटेल, महिन्याचा किराणा अशा गोष्टींसाठी त्यांना पैसा हवा होता. या खोक्यामागे दोन इतिहास आहेत, एक आजाराचा आणि एक यंत्राचा. आजाराचा अधिक जुना आहे.

१९४७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना ॲमिनोप्टेरिन द्यायला सुरुवात केली. तोवर हा आजार झालेलं मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात असे. फार्बर यांच्या औषधानं काही मुलांचा आजार तात्पुरता मागे हटला. आजार परत आला, पण औषधानं तो मागे सारता येतो हे पहिल्यांदा दिसलं. १९६२ मध्ये मेम्फिसला सेंट ज्यूड हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथे डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं आणि किरणोपचार यांची सांगड घालून दोन-तीन वर्षं चालणारी उपचारपद्धती उभी केली. १९७० च्या सुमारास या आजाराची जवळजवळ निम्मी मुलं पूर्ण बरी होऊ शकतील, असं चित्र दिसू लागलं.

कर्करोगाच्या इतिहासातलं हे फार मोठं यश आहे. मात्र या यशानंच घरच्यांपुढे एक नवा खर्च उभा केला. पूर्वी आजार थोडा काळ टिके आणि दुःखात संपे. आता उपचार वर्षानुवर्षं चालू लागले, आणि तेही मोठ्या शहरातल्या मोजक्या हॉस्पिटलांत. दोनशे मैलांवरच्या गावातलं जोडपं मुलाला घेऊन दर आठवड्याला ये-जा कशी करणार? आई नोकरी सोडते, बापाच्या रजा संपतात, घरी राहिलेल्या भावंडांकडे कुणी तरी बघावं लागतं. विमा असला तरी तो औषधाचं आणि खाटेचं बघतो. घराचं भाडं, वीजबिल आणि रुग्णासोबतच्या माणसाचं दोन वेळचं जेवण यांचा कुठल्याच कागदावर उल्लेख नसतो.

हे ठळकपणे दिसलं ते फिलाडेल्फियात. तिथल्या ईगल्स संघाचा फुटबॉलपटू फ्रेड हिल याच्या छोट्या मुलीला, किमला, रक्ताचा कर्करोग झाला. तिच्या उपचारांच्या काळात हिल पती-पत्नींनी हॉस्पिटलच्या खुर्च्यांवर रात्री काढल्या, आणि आपल्यासारखीच कितीतरी जोडपी तिथे ताटकळत आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. मुलांच्या कर्करोगाच्या डॉक्टर ऑड्री इव्हान्स यांच्या मनातही अशा पालकांसाठी हॉस्पिटलजवळ एखादं घर असावं असं होतंच. क्लबनं पैसा उभा केला, मॅकडोनाल्ड्सनं आपल्या हिरव्या मिल्कशेकच्या विक्रीतली रक्कम दिली, आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस सुरू झालं. त्याआधी चार वर्षं, १९७० मध्ये, साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनला अमेरिकन कॅन्सर सोसायटीचं पहिलं होप लॉज निघालं होतं. राहण्याची सोय हा उपचाराचाच भाग आहे, ही समजूत या काळात रुजली.

टाकाऊ वस्तूंतून या घरांना पैसा मिळू लागला तो १९८० च्या दशकात. शीतपेयाच्या डब्याची उघडायची छोटी ॲल्युमिनियमची चकती जमवून रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउसला देण्याचा कार्यक्रम १९८७ मध्ये मिनेसोटात सुरू झाला आणि देशभर पसरला. अख्खा डबा सोडून चकतीच का? ती बरणीत साठवता येते, चिकट होत नाही, मुलांना गोळा करायला मजा येते. ॲल्युमिनियम म्हणून तिची किंमत अगदी किरकोळ. पण या चकत्यांनी शाळकरी मुलांची एक पिढी घडवली: आपण फेकणार होतो ती वस्तू कुणा आजारी मुलाच्या उपयोगी पडते, ही कल्पना त्यांच्या अंगवळणी पडली. १९९८ मध्ये योप्लेट या दह्याच्या ब्रँडनं स्तनाच्या कर्करोगासाठीच्या सुझन जी. कोमेन संस्थेकरता झाकणं मागवायला सुरुवात केली. त्या झाकणांना स्वतःची किंमत नव्हती, प्रत्येक झाकणामागे कंपनी ठरलेली रक्कम देई. मोबाइलचं तसं नव्हतं. त्याला बाजारात खरोखर भाव होता, आणि म्हणूनच त्याची कथा वेगळी आहे.

हातात धरून बोलता येईल असा बाजारातला पहिला मोबाइल, मोटोरोलाचा डायनाटॅक, १९८३ चा. किंमत ३,९९५ डॉलर. १९८५ मध्ये अमेरिकेत मोबाइलधारक होते सुमारे ३ लाख ४० हजार, २००४ पर्यंत ते १८ कोटींवर गेले. या वाढीचं इंजिन होतं दोन वर्षांचा करार. कंपनी फोन फुकट किंवा नाममात्र पैशांत देई आणि दरमहाच्या बिलातून वसूल करी. करार संपला की नवा फोन, जुना स्वयंपाकघरातल्या खणात. ॲनालॉग जाळ्यातून डिजिटलमध्ये जाताना, आणि नोव्हेंबर २००३ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागल्यावर, खण आणखी भरले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं २००६ मध्ये अंदाज दिला की देशात ५० कोटींहून अधिक निकामी फोन घराघरांत पडून आहेत.

त्या फोनचं करायचं काय, याचं पहिलं उत्तर कर्करोगाच्या क्षेत्रातून आलं नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं १९९६ मध्ये नियम केला की करार नसलेल्या फोनवरूनही ९११ हा आणीबाणीचा क्रमांक लागला पाहिजे. म्हणजे बंद पडलेल्या खात्याचा फोनही कुणाचा जीव वाचवू शकत होता. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना असे फोन देण्यासाठी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कॉल टू प्रोटेक्ट’ हा कार्यक्रम निघाला. २००४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्वेल गावच्या दोन शाळकरी भावंडांनी परदेशातल्या सैनिकांना घरी फोन करता यावा म्हणून जुने मोबाइल विकून कॉलिंग कार्डं घ्यायला सुरुवात केली. कुणीही, कुठल्याही कामासाठी, मोबाइल गोळा करून पैसे उभे करू शकतो हे त्या दोघांमुळे देशाला कळलं. ब्रिटनमध्ये २००२ पासून फोनबॅक ही योजना चालू होतीच.

मधला दुवा होता पुनर्वापर करणाऱ्या कंपन्यांचा. मिशिगनमधली रीसेल्युलर त्यांतली सर्वांत मोठी, १९९१ मध्ये सुरू झालेली. पद्धत सोपी होती. कंपनी संस्थेला खोकी आणि टपालखर्च भरलेली पाकिटं देई, सोबत मॉडेलप्रमाणे दरपत्रक. नवं, चालू मॉडेल असेल तर चांगली रक्कम, जुनं असेल तर डॉलरभर किंवा तेही नाही. खोकं भरलं की पाठवायचं, काही आठवड्यांनी धनादेश येई. कर्करोगग्रस्त कुटुंबांसाठी काम करणाऱ्या चार-पाच स्वयंसेवकांच्या संस्थेला हे फार सोयीचं होतं. तिच्याकडे ना गोदाम, ना तंत्रज्ञ, ना मोठ्या देणगीदारांची यादी. लोकांकडे पैसे मागायला संकोच वाटतो, खणातला फोन मागायला वाटत नाही. स्वतःला मदत मिळालेली कुटुंबंही मग खोकं ठेवायला पुढे येऊ शकत होती. मला या उपक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते: ज्याच्याजवळ देण्यासारखं काही उरलेलं नाही त्यालाही देणारा होता येत होतं.

मोबाइलमधल्या सोन्याबद्दल तेव्हाही खूप बोललं जाई, आजही जातं. हिशोब मात्र स्पष्ट आहे. भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या त्याच २००६ च्या अहवालाप्रमाणे बॅटरी सोडून एका सरासरी फोनमध्ये १६ ग्रॅम तांबं, ०.३५ ग्रॅम चांदी, ०.०३४ ग्रॅम सोनं आणि ०.०१५ ग्रॅम पॅलेडियम असे. सगळं मिळून त्या वेळच्या भावानं किंमत सुमारे ६३ सेंट, तीही वितळवण्याचा खर्च धरण्याआधी. दहा लाख फोन वितळवले तर ३४ किलो सोनं मिळेल, पण हजार फोन जमवणाऱ्या संस्थेच्या वाट्याला धातूतून जवळपास काहीच येत नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपाननं ६२ लाखांहून अधिक मोबाइल आणि सुमारे ७९ हजार टन इतर उपकरणं गोळा केली, तेव्हा हाती आलं ३२ किलो सोनं.

पैसा होता तो पुन्हा वापरात जाणाऱ्या फोनमध्ये. तपासलेले, पुसलेले, नव्या बॅटरीचे अमेरिकी फोन लॅटिन अमेरिकेत, आफ्रिकेत, आशियात विकले जात. ओहायोतल्या एखाद्या आईला मुलाच्या केमोथेरपीला जायला मिळालेलं पेट्रोल दूर कुठल्या तरी देशात पहिला मोबाइल घेणाऱ्या माणसाच्या खिशातून आलेलं असे. जे फोन दुरुस्तीपलीकडे गेलेले, ते बेल्जियममधल्या होबोकेनच्या युमिकोरसारख्या कारखान्यांत जात, जिथे धातू वेगळे करताना विषारी धूर अडवला जातो.

पण सगळेच फोन अशा कारखान्यांत पोहोचत नव्हते. २००२ मध्ये बासेल ॲक्शन नेटवर्क आणि तिच्या सहकारी संस्थांनी चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या ग्वीयू गावाची हकीकत जगापुढे आणली. विकसित देशांचा इलेक्ट्रॉनिक कचरा तिथे उघड्यावर जाळला आणि ॲसिडमध्ये बुडवला जात होता. दिल्लीतल्या सीलमपूरमध्येही असंच काम चाले. जुन्या फोनमध्ये आर्सेनिक, बेरिलियम आणि काही बॅटऱ्यांत कॅडमियम असे, आणि ही तिन्ही माणसात कर्करोग घडवणारी द्रव्यं म्हणून नोंदलेली आहेत. प्लास्टिक जळताना डायॉक्सिन निघतं. एका घराच्या कर्करोगासाठी दिलेला फोन दुसऱ्या घरी कर्करोग पेरू शकतो, हे कुठल्याही देणगीदाराला कसं मानवेल? त्याच वर्षी, घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवरच्या बासेल कराराखाली मोबाइल उत्पादकांनी एकत्र येऊन सुरक्षित विल्हेवाटीसाठी भागीदारी केली. पुढे अमेरिकेत पुनर्वापर करणाऱ्या कंपन्यांसाठी आर-टू आणि ई-स्टुअर्ड्स ही प्रमाणपत्रं आली. खोकं ठेवण्याआधी कंपनीकडे यांतलं प्रमाणपत्र आहे का हे विचारणं, ही त्यानंतर जागरूक संस्थांची पहिली पायरी झाली.

दुसरा अडसर होता कुलपाचा. अमेरिकेतले फोन विकणाऱ्या कंपनीच्याच जाळ्यावर चालतील असे बांधलेले असत. बंधन काढल्याशिवाय ते दुसरीकडे निरुपयोगी. प्रताधिकार कायद्याखाली हे बंधन काढणं गुन्हा ठरू शकत होतं. नोव्हेंबर २००६ मध्ये त्याला सूट मिळाली, आणि ती मागणाऱ्यांत वायरलेस अलायन्स ही मोबाइल पुनर्वापराची कंपनी होती. २०१३ च्या जानेवारीत ही सूट संपली, लोकांनी आवाज उठवला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या सहीनं कायदा झाला. दरम्यान सप्टेंबर २०१३ मध्ये ॲपलनं चोरी रोखण्यासाठी फोन मालकाच्या खात्याला बांधण्याची सोय आणली. चोऱ्यांना तिनं आळा घातला, पण खातं न काढता खोक्यात टाकलेला चांगला आयफोनही भंगाराच्या भावाचा झाला.

कायद्यानं थोडी साथ दिली. कॅलिफोर्नियात १ जुलै २००६ पासून दुकानदारांना जुने फोन परत घेणं बंधनकारक झालं. तरीही २००९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या अंदाजाप्रमाणे देशभरात निकाली निघालेल्या मोबाइलपैकी जेमतेम ८ टक्केच पुनर्वापराच्या वाटेला लागले.

या खोक्यांना ओहोटी लागली ती फोन महाग झाल्यावर. २००७ मध्ये आयफोन आला आणि वापरलेल्या फोनलाही शेकडो डॉलर मिळू लागले. गॅझेलसारख्या कंपन्या थेट मालकाला पैसे देऊ लागल्या, जुना फोन घेऊन जागीच पैसे देणारी ईकोएटीएमची यंत्रं मॉलमध्ये उभी राहिली, मोबाइल कंपन्यांनी जुना द्या नवा घ्या योजना काढल्या. ज्या फोनचे तीनशे डॉलर मिळतात तो खोक्यात कोण टाकणार? खोक्यांत उरले फक्त साधे, जुने फोन. विकसनशील देशांत तोवर स्वस्त नवे फोन मिळू लागल्यानं त्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. २०१३ मध्ये रीसेल्युलर बंद पडली. आजही काही संस्था मोबाइल घेतात, पण रक्कम पूर्वीसारखी उरलेली नाही. चालू स्थितीतला फोन, खातं काढून आणि माहिती पुसून, लवकर दिला तरच त्यातून काही हाती लागतं. अनेक संस्था आता सरळ सांगतात की फोन स्वतः विका आणि आलेली रक्कम पाठवा.

महाराष्ट्रात ही गरज नवी नाही. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, आणि तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या रुग्णांच्या घरच्यांचा मुक्काम हा मुंबईपुढचा कायमचा प्रश्न राहिला आहे. दादरची संत गाडगे महाराज यांच्या नावाची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आणि २००६ पासून मुलांसाठी काम करणारी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं हा भार उचलतात. मोबाइलची खोकी मात्र आपल्याकडे तशी रुजली नाहीत. याचं कारण बाजारात आहे. इथे ३१ जुलै १९९५ रोजी पहिला मोबाइल कॉल लागला तेव्हापासून बहुतेकांनी फोन पूर्ण पैसे मोजूनच घेतला. जुना झाला की तो धाकट्या भावाकडे, गावच्या काकांकडे किंवा लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात जातो. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, २०१६ आणि २०२२ मध्ये ते बदलले, पण त्यांचा भर उत्पादकाच्या जबाबदारीवर आहे.

आपल्याकडची परिस्थिती आता बदलते आहे. फोन हप्त्यांवर घेतले जातात, दोन-तीन वर्षांत बदलतात, आणि शहरी घरांत चार-पाच बंद फोन सहज सापडतात. त्यांना घेणारं अधिकृत केंद्र, तिथून मिळणारी रक्कम आणि परळ-दादरच्या धर्मशाळा यांना जोडणारी साखळी एखाद्या गृहनिर्माण सोसायटीनं, गणेश मंडळानं किंवा महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेनं उभी केली, तर अमेरिकेतल्या अनुभवातून त्यांना दोन गोष्टी आयत्या मिळतील: फोन नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यायचा, आणि चालू फोन भंगारात घालण्याआधी वापरात जाईल का ते आधी पाहायचं.