घरगुती नळजोडणीतील गरम व थंड पाण्याचा प्रवाह

एकाच टाकीतले पाणी थंड नळाला जोरात आणि गरम नळाला बारीक धारेने येते, ही मराठवाड्यातल्या घरांतली नेहमीची तक्रार. पाण्याचा गुणधर्म पाहता घडायला हवे ते उलटे. २० अंश सेल्सिअसला पाण्याची जी श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, असते, ती ६० अंशांना निम्म्याहून कमी होते. गरम पाणी पाइपातून अधिक सहज वाहते. धार मंदावते ती त्याच्या वाटेमुळे.

थंड पाणी गच्चीवरच्या टाकीतून सरळ नळाला उतरते. गरम पाणी गीझर किंवा सोलरमधून फिरून येते. वाटेत बारीक जोडनळ्या, एकेरी व्हॉल्व्ह आणि जादा एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, लागतात. टाकीच्या पाण्याला जोर फक्त उंचीचा, एका मीटरला सुमारे ०.१ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. वरच्या मजल्यावर ही उंची जेमतेम दोन-तीन मीटर भरते, त्यामुळे लहानसा अडथळाही जाणवतो.

सगळ्यात मोठा अडथळा क्षारांचा. इथल्या बेसाल्ट खडकातून उपसलेले बोअरचे पाणी बऱ्याच गावांत कठीण असते. थंड असेतो त्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले राहते. तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर कॉइलवर, गीझरच्या तोंडाशी, मिक्सर नळाच्या कार्ट्रिजमध्ये (पाणी सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या आतल्या भागात) बसू लागतो. थंड लाइन मोकळी राहते, गरम लाइन आतून चिंचोळी होत जाते. सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने हा थर सुटतो. प्लंबर बोलावून नवे पाइप टाकण्याआधी ते करून पाहावे.

दुसरे कारण हवा. छत्रपती संभाजीनगर, लातूर अशा शहरांत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते. टाकी रिकामी पडली की लाइनमध्ये हवा शिरते. सरळ उतरणाऱ्या थंड लाइनमधून ती लवकर निघून जाते, गरम लाइनच्या वरच्या वळणात मात्र अडकते. तापताना पाण्यात विरघळलेली हवाही सुटून तिथेच साचते. यासाठीच सोलरच्या टाकीला उघडा व्हेंट पाइप असतो. त्यातून पाणी सांडते म्हणून काही जण त्याला बूच मारतात. हे धोक्याचे आहे. पाइपाची उंची थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर न्यावी.

एकच गरम नळ मंद असेल तर दोष त्याच्या जाळीत किंवा कार्ट्रिजमध्ये. सगळे गरम नळ मंद असतील तर गीझरपाशी. थंडही मंद असतील तर टाकीच्या मुख्य व्हॉल्व्हपाशी पाहावे.

गरम पाणी येण्याआधी पाइपातले गार पाणी वाहून जाते. १५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात मीटरमागे पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावते, म्हणजे गच्चीवरच्या सोलरपासून बारा मीटर अंतरावरच्या न्हाणीघरात दर वेळी दोन लिटर. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हे पाणी बादलीत धरणेच योग्य.