वाण्याकडे एकशे एक फेऱ्या

सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमची सगळी मांडामांड रॅममध्ये असते आणि वीज गेली की रॅमला काही आठवत नाही. म्हणून खात्याची शिल्लक, विम्याचा हप्ता, गोदामातला साठा हे सगळं डेटाबेसमध्ये, म्हणजे शेवटी डिस्कवर, उतरवावं लागतं. पण प्रोग्रॅम आणि डेटाबेस या दोघांची रीत निराळी. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 'खातं' ही एक वस्तू. तिच्या पोटात खातेदार, त्याच्या पोटात पत्ता. डेटाबेसमध्ये नुसते तक्ते आणि क्रमांकावरून जुळवाजुळव. ही तक्त्यांची कल्पना संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांची, १९७० सालची.

या दोघांमध्ये दुभाष्या हवा. जावा बनवणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्सने १९९८ मध्ये सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमसाठी एंटरप्राइझ जावाबीन्स ही चौकट आणली, त्यातलं एन्टिटी बीन हे काम करणार होतं. एका तक्त्यासाठी दोन इंटरफेस (बाहेरून काय काय मागता येईल त्याची यादी), एक क्लास (वस्तूचा साचा) आणि वर एक्सएमएल या खुणांच्या भाषेत जुळणीचं भेंडोळं लिहावं लागे. तेही चालवून घेतलं असतं. खरी गोम पुढे होती.

समजा, शंभर खाती पडद्यावर दाखवायची आहेत. बीन आधी विचारी, खाती कोणकोणती? उत्तरात नुसते शंभर क्रमांक येत. मग एकेका क्रमांकासाठी वेगळी विचारणा. एकूण १०१. म्हणजे वाण्याकडे काय काय आहे ते विचारून घरी यायचं, मग जिऱ्यासाठी एक फेरी, मोहरीसाठी दुसरी, हिंगासाठी तिसरी! टेस्टिंगला दहाच खाती असतात, तिथे कुणाला काही जाणवत नाही. सकाळी दहाला सगळ्या शाखा उघडल्या की सगळं मंदावतं आणि तक्रारींचे फोन सुरू.

प्रोग्रॅमर गेविन किंग यांनी २००१ मध्ये हायबरनेट हा नवा दुभाष्या सुरू केला तो या बीनला कंटाळूनच. साधा जावा क्लास लिहा, कुठला रकाना कशाशी जुळतो ते सांगा, बस्स. हाच विचार २००६ मध्ये जेपीए (जावा पर्सिस्टन्स एपीआय) या नावाने जावाच्या अधिकृत मानकात आला.

फेऱ्या मात्र संपल्या नाहीत. लूपमध्ये, म्हणजे एकेक खातं घेत जाणाऱ्या आवर्तनात, 'खात्याच्या खातेदाराचं नाव' एवढंच मागितलेलं असतं, दिसायला अगदी निरागस, आणि हायबरनेट मागच्या मागे दर खात्याला एकदा डेटाबेसकडे धावत असतं. टीममध्ये नवीन कुणी आलं की मी आधी एसक्यूएलचा लॉग, म्हणजे डेटाबेसला त्याच्या भाषेत केलेल्या प्रत्येक विचारणेची नोंद, चालू करायला लावतो. तीच सिलेक्टची, म्हणजे माहिती मागण्याची, ओळ मालगाडीच्या डब्यांसारखी सरकत राहते, बदलतो तो फक्त क्रमांक. मग क्वेरीत, म्हणजे विचारणेत, 'जॉइन फेच' (खात्याबरोबर खातेदारही आणा) हे दोन शब्द घालून पुन्हा चालवायचं. लॉगमध्ये एकच लांबलचक ओळ उमटते.