मेल-लिस्ट अडली तर : तिकीट कोणी टाकायचं आणि सोबत काय जोडायचं

गेल्या चैत्रात आमच्या इंदूरच्या मंडळाच्या हळदीकुंकवाचं निमंत्रण मेल-लिस्टवर (एका पत्त्यावर पाठवलेला मेल जिथून सगळ्या सदस्यांना जातो) टाकलं आणि तीन दिवस एकाही घरी पोचलं नाही. सर्व्हर बिघडला असं धरून आम्ही होस्टिंग कंपनीकडे, म्हणजे तो सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांकडे, तक्रार केली. तिकडून उत्तर आलं, सर्व्हर ठीक आहे. ते खरंच होतं. पोस्टर साडेसहाशे केबीचं होतं, लिस्ट चालवणाऱ्या मेलमन या प्रणालीची मूळ मर्यादा 40 केबी असते, आणि निमंत्रण मंजुरीच्या रांगेत निवांत बसलं होतं. ती रांग उघडून बघायचं कोणालाच सुचलं नाही.

म्हणून तिकिटाआधी, म्हणजे कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवण्याआधी, घरची तपासणी. सीपॅनेलवर (होस्टिंग सांभाळायच्या वेब-पानावर) चालणाऱ्या मेलमनमध्ये प्रशासकाच्या पानावर 'पेंडिंग मॉडरेटर रिक्वेस्ट्स' असा दुवा असतो, आधी तिथे जा. मोठी जोडणी, सदस्य नसलेल्या पत्त्यावरून आलेला मेल, लिस्टचा पत्ता बीसीसीत टाकलेला मेल, टू आणि सीसीत मिळून दहा किंवा जास्त पत्ते असलेला मेल, हे सगळे तिथेच अडतात. सदस्यांपैकी एखाद्यालाच मेल येत नसेल, तर त्याच्या नावापुढे 'नोमेल'ची खूण आहे का पाहा. एखाद्या पत्त्यावरून मेल वारंवार परत फिरला आणि त्या पत्त्याचे गुण पाचावर गेले की मेलमन त्याचं वितरण आपणहून थांबवतं. त्यात सदस्याचा दोष असेलच असं नाही. आणि ज्यांनी स्वतः लिस्टवर लिहिलं त्यांना जीमेलच्या इनबॉक्समध्ये स्वतःची प्रत दिसत नाही, ती 'सेंट'मध्येच राहते. आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी या एकाच गोष्टीच्या असतात.

एवढं करूनही गाडी हलली नाही, तर तिकीट. पण कोणी?

सदस्याला होस्टिंग कंपनीकडे दाद मागता येत नाही, त्याने लिस्टच्या प्रशासकाला कळवायचं. प्रशासकाकडे लिस्टचा पासवर्ड असतो; मर्यादा, मंजुरी, सदस्यांची नावं त्याच्या हातात. तो पासवर्ड हरवला तर कंपनीकडे धावू नका, सीपॅनेलमधल्या 'मेलिंग लिस्ट्स'मध्ये खातेधारक तो बदलू शकतो. मेलमनची प्रक्रिया बंद पडणं, फाइलींचे अधिकार बिघडणं, ताशी मेलची मर्यादा, सर्व्हरच्या आयपीचा उलटा डीएनएस (आयपी क्रमांकावरून नाव सांगणारी नोंद), हे मात्र सर्व्हर चालवणाऱ्यांचंच काम. ते मागण्याचा अधिकार खातेधारकाला, म्हणजे बिल ज्याच्या नावे आणि नोंदलेला ई-मेल ज्याचा, त्याला.

इथेच बहुतेक मंडळांची पंचाईत होते. वेबसाइट दहा-बारा वर्षांपूर्वी कोणाच्या तरी भाच्याने करून दिलेली असते, खातं त्याच्याच नावे, आणि तो आता पुण्याला किंवा बंगलोरला. तो ओळखीचा आहे तोवर आधी त्याच्याकडूनच नोंदलेल्या ई-मेलवरून नाव बदलून घ्या, तो मार्ग सगळ्यात सोपा. तो सापडतच नसेल, तर कंपनी संस्थेचे कागद मागते. कंपनीगणिक यादी थोडी बदलते, पण आपल्याकडे हे तयार असावं : मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खालचं नोंदणी प्रमाणपत्र, रजिस्ट्रारकडे दिलेली चालू कार्यकारिणीची यादी, अमुक व्यक्तीला खातं चालवण्याचा अधिकार देणारा ठराव (अध्यक्ष-सचिवांच्या सह्या आणि शिक्क्यासह), त्या व्यक्तीचं ओळखपत्र, संस्थेचं पॅन आणि होस्टिंगचं शेवटचं बिल. कार्यकारिणीची यादी जुनी असेल तर अर्ज तिथेच अडतो, कारण ठरावावर सही करणारे सचिव कागदावर सचिवच नसतात.

डोमेन (वेबसाइटचं नाव) वेगळं आणि होस्टिंग वेगळं, हेही तपासा. डोमेनचा अर्ज डोमेनच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे ते नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, जातो. .कॉम किंवा .ऑर्गच्या नोंदणीत ई-मेल बदलला की पडताळणीचा मेल येतो. 15 दिवसांत त्याला प्रतिसाद दिला नाही तर डोमेन निलंबित होऊ शकतं, आणि मग लिस्टच काय, संस्थेचा कुठलाच मेल चालत नाही.

आता तिकिटाचा मजकूर. "भिया, मेल चालू नाही" एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. लिस्टचा पूर्ण पत्ता, कोणी कोणाला पाठवलं, आणि वेळ, हे लिहा. वेळेपुढे 'भारतीय वेळ' लिहायला विसरू नका. सर्व्हरची नोंद यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेत, असेल तर रात्री 9:15 चा आपला मेल तिकडे 15:45 ला दिसतो आणि शोधणारा भलत्याच तासात हात घालतो. परत आलेला मेल असेल तर त्याचा मजकूर जसाच्या तसा चिकटवा, फक्त फोटो नको. पोचलेला पण स्पॅममध्ये गेलेला असेल तर जीमेलमध्ये तीन टिंबांखालच्या 'शो ओरिजिनल'मधले हेडर (मेलच्या प्रवासाची नोंद) जोडा. सीपॅनेलच्या 'ट्रॅक डिलिव्हरी'मधली त्या मेलची नोंदही द्या.

परत आलेल्या मेलमधला आकडा पुष्कळ सांगतो. 4 ने सुरू होणारा अडथळा तात्पुरता, 5 ने सुरू होणारा कायमचा. 5.1.1 म्हणजे पत्ताच नाही, 5.2.2 म्हणजे पेटी भरली. यांसाठी तिकीट नको. 5.7.26 म्हणजे जीमेलला पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही. 2024 च्या फेब्रुवारीपासून जीमेलने सगळ्या पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे दाखवणाऱ्या खुणा) सक्तीचं केलं, आणि दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि शिवाय डीमार्क (ओळख न पटलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). सीपॅनेलच्या 'ई-मेल डिलिव्हरेबिलिटी'त हे खातेधारक स्वतः दुरुस्त करू शकतो, फक्त डीएनएस (डोमेनच्या नोंदींची यादी) दुसरीकडे असेल तर नोंदी तिकडे घालाव्या लागतात. सदस्याच्या डोमेनचंच डीमार्क कडक असेल आणि त्याचा मेल लिस्टमधून पुढे जाताना नाकारला जात असेल, तर मेलमनच्या प्रायव्हसी पर्यायांतल्या सेंडर फिल्टर्समध्ये 'डीमार्क मॉडरेशन अ‍ॅक्शन'ला 'मंज फ्रॉम' करा. मेलमनच्या 2.1.18 आवृत्तीपासून ही सोय आहे. पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचा पत्ता दिसतो, जुन्या मंडळींना ते खटकतं, पण मेल पोचतो.

ताशी मर्यादा वाढवून मागायची असेल तर सदस्यसंख्या, महिन्याला किती मेल, सदस्यांची संमती कशी घेतली, आणि लिस्टमधून बाहेर पडायचा दुवा आहे का, हे चारही लिहा. लिस्टचे मेल या मर्यादेत मोजायचे की नाही, हे सर्व्हर चालवणारे ठरवतात, ते आधी विचारून घ्या.

पासवर्ड तिकिटात लिहू नका. सदस्यांची पूर्ण यादीही जोडू नका, दोन-तीन पत्ते पुरतात, तेही ज्यांची हरकत नसेल त्यांचे. तिकिटाचा क्रमांक मिळाला की पुढचं सगळं त्याच क्रमांकावर लिहा. उत्तर उशिरा आलं म्हणून दुसरं तिकीट उघडू नका; आमच्या एका प्रकरणात तसं केल्यावर दोन वेगळ्या माणसांनी एकाच लिस्टचे अधिकार दोनदा बदलले होते.