एएमटी आणि ऑटोमॅटिक: क्लच गेला कुठे?

आमच्या सोसायटीत दिवाळीपासून चार नव्या गाड्या आल्या, चारही ‘ऑटोमॅटिक’. म्हणजे मालक तसं सांगतात. त्यातल्या तीन एएमटी आहेत, एक टॉर्क कन्व्हर्टर. फरक विचारला की उत्तर ठरलेलं: “क्लच नाही ना? मग झालं.” कुठलं झालं? क्लच पायाखालून गेलाय, गाडीतून नाही.

मॅन्युअल सगळ्यांनाच येते, त्यावर वेळ घालवत नाही. एएमटी म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन: तोच मॅन्युअल गिअरबॉक्स, तीच क्लचप्लेट, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी-तोडणारी चकती. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं ही हमाली तेवढी तुमच्याऐवजी अ‍ॅक्च्युएटर नावाचं यंत्र करतं. २०१४ साली मारुतीने सेलेरिओतून हा प्रकार आपल्याकडे आणला; मग वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, पंच, एक्स्टर सगळीकडे तो रुळला. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये गाडी उचलताना घासणारी प्लेट नसते. तेलात समोरासमोर दोन पंखे असतात, इंजिनाकडचा तेल ढवळतो आणि त्या तेलाच्या जोरावर दुसरा फिरतो. तिसरा प्रकार सीव्हीटी: त्यात ठरलेले गिअर नसतात, दोन पुली आणि धातूचा पट्टा. गिअर पडल्याचं जाणवतच नाही, पण जोरात दाबलं की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागाहून ऐकते.

एएमटी झटके देते ही तक्रार मी या कानाने ऐकतो, त्या कानाने सोडून देतो. गिअर बदलायच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल सोडा, झटका निम्मा होतो. मायलेजच्या आकड्यांचंही तेच. कागदावर २०२४ची स्विफ्ट लिटरला मॅन्युअलमध्ये २४.८० किलोमीटर देते आणि एएमटीत २५.७५. गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, पण हे आकडे प्रयोगशाळेतल्या रोलरवरचे. त्या रोलरला संध्याकाळी सातचा कर्वे रस्ता माहीत नाही.

खरी गोची चढावर होते.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मेहुण्यांच्या नव्या एएमटीतून सिंहगडला निघालो. गोळेवाडीच्या नाक्यापासूनच रांग. गाडी दहा फूट सरकायची, थांबायची. मेहुण्यांनी ब्रेकला पायच लावला नाही. मागे जायला लागली की अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबायचा, पुढे सरकली की सोडायचा. चढावर गाडी अशी तोलून धरण्याचा त्यांना फार अभिमान. अर्ध्या घाटात जळका वास आला. “पुढच्या वडापचा असेल,” म्हणाले. पाचच मिनिटांत डॅशबोर्ड किंचाळायला लागला आणि गाडीने जागचं हलायला नकार दिला. मग बाजूला घेऊन, बोनेट उघडून, पावसात अर्धा तास. महिनाभरात क्लचप्लेट बदलावी लागली.

झालं काय? अ‍ॅक्सिलरेटरला हलका पाय लागला की एएमटीला वाटतं, साहेबांना निघायचंय. ती क्लच अर्धा सोडते. पण चाकं फिरण्याइतका जोर तुम्ही देत नाही, म्हणून ती अर्ध्यावरच अडकते आणि प्लेट घासत राहते. मॅन्युअलमध्ये हाच हाफ क्लच तुमच्या डाव्या पायाला जाणवतो, पोटरी भरून येते, तुम्ही आपोआप हँडब्रेक ओढता. एएमटीत पोटरी दुखत नाही, त्यामुळे प्लेट झिजतेय हे कळतच नाही. टॉर्क कन्व्हर्टरवर हेच केलंत तर तेल तापेल, तेही बरं नव्हेच, पण झिजायला तिथे प्लेट नाही. चढावर ब्रेक धरून ठेवणारं हिल होल्ड आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ते फक्त पाय ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर नेईपर्यंतचे दोनेक सेकंद सांभाळतं. रांगेत ब्रेक किंवा हँडब्रेक लावा, पुढे गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एका दमात निघा. मागचा हॉर्न वाजवेल. पुण्यात तो तसाही वाजवतोच.

दुसरी खोड पार्किंगची. बहुतेक एएमटीत पी, म्हणजे पार्क, नसतोच. लोक एनवर (न्यूट्रलवर) टाकतात आणि उतारावर एकट्या हँडब्रेकच्या भरवशावर गाडी सोडून जातात. चढाकडे तोंड असेल तर डी (पुढचा गिअर), उताराकडे असेल तर आर (रिव्हर्स), वर हँडब्रेक, आणि गाडी गिअरमध्ये असतानाच इंजिन बंद. दिवे घाट उतरताना एमवर (मॅन्युअल मोडवर) घेऊन खालचा गिअर धरा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

खरेदीत हा घोळ आणखी वाढतो, कारण एकाच नावाखाली दोन्ही प्रकार विकतात. फ्रॉन्क्सच्या १.२ इंजिनाला एएमटी मिळते, टर्बोला टॉर्क कन्व्हर्टर. मॅग्नाइटच्या साध्या इंजिनाला एएमटी, टर्बोला सीव्हीटी. जुनी गाडी घेताना तर आणखी डोळे उघडे ठेवा: २०२२च्या आधीची ऑटोमॅटिक बलेनो सीव्हीटी आहे, नंतरची एएमटी. जाहिरातीत दोन्हीकडे ‘ऑटोमॅटिक’ एवढंच लिहिलेलं असतं.

माझं मत विचाराल तर रोज कोथरूड ते हिंजवडी करणाऱ्या, बजेट बघून गाडी घेणाऱ्या माणसाला एएमटी पुरते. मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नासेक हजार जास्त पडतात आणि गिअरबॉक्स ओळखीचा राहतो. फक्त क्लच बदलला की तो स्कॅनर लावून गाडीला नव्याने शिकवावा लागतो, तेव्हा कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे ती सोय आहे का ते आधी विचारा. पण घर चढावर असेल, रोज बेसमेंटच्या रॅम्पवर खोळंबावं लागत असेल, किंवा गाडी मुख्यतः सासूबाई चालवणार असतील, तर सनरूफचे पैसे वाचवा आणि टॉर्क कन्व्हर्टर घ्या. सनरूफ उघडून पुण्यात बघायचं काय, मेट्रोचे खांब?

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले सपाट, मोकळ्या रस्त्यावर नेतात. त्यांना म्हणा, माझ्या सोसायटीच्या रॅम्पवर चला. मध्यावर थांबा, ब्रेकवरचा पाय काढा आणि गाडी किती मागे येते ते बघा. सेल्समन कुरकुर करेल. करू द्या.